फेरो आणि न्यू एरा: शहर उभं करताना लक्ष नेमकं कशावर ठेवायचं?

वाळूतला_पाट (धागाकर्ता)

प्राचीन इजिप्तमधलं शहर उभारण्याचा इम्प्रेशन्स गेम्सचा संगणक-खेळ 'फेरो' १९९९ साली आला, 'क्लिओपात्रा' हा विस्तार २००० मध्ये, आणि ट्रिस्केलने नव्याने घडवलेला 'अ न्यू एरा' फेब्रुवारी २०२३ मध्ये. न्यू एरामुळे बरेच जण पहिल्यांदाच या खेळाकडे वळले आहेत आणि त्यांचा प्रश्न साधारण एकच असतो: वस्ती आहे, तिजोरीत देबेन (खेळातलं चलन) आहेत, पण मस्तबा (सपाट माथ्याचं थडगं) किंवा पिरॅमिड पुढे सरकत नाही. नाहीतर याच्या उलट, पिरॅमिड चढतो आहे आणि शहर उपाशी आहे.

माझं मत असं, की या खेळाचा गाभा मजुराच्या वर्षात आहे. नाईलच्या काठची गाळपेर शेती तुमच्या नेहमीच्या कामगारांवर चालत नाही. तिला वर्क कॅम्पमधून मजूर जातात, आणि स्मारकाच्या जागेवरही त्याच कॅम्पमधून जातात. पाणी चढलं की शेतं बुडतात, तेव्हा सगळे मजूर स्मारकाला मोकळे. पाणी ओसरलं की सगळी शेतं एकाच वेळी मजूर मागतात. तो मजूर उशिरा पोचला तर पिकाला वाढायला तितके दिवस कमी मिळतात, आणि पुढचा पूर काही तुमच्यासाठी थांबत नाही. पाणी यायच्या आधी जेवढं पिकलं तेवढंच हाती लागतं.

म्हणून वर्क कॅम्प किती हवेत ते पाणी ओसरल्यानंतरच्या काही आठवड्यांत ठरवायचं. त्या काळात एकेका शेतावर क्लिक करून बघा. मजूर न पोचलेली शेतं राहत असतील तर कॅम्प कमी आहेत किंवा लांब आहेत. नवा कॅम्प बांधायचा तो पूर चालू असताना, कारण एका कॅम्पला २० कामगार लागतात आणि ते भरायला वेळ जातो. गाळाच्या काठाला लागून काही कॅम्प आणि स्मारकाजवळ वेगळे, अशी मांडणी केली की मजुरांचा चालण्यात जाणारा वेळ वाचतो.

इतरांनी आपापल्या पद्धती तपशिलासकट लिहाव्यात.

---

कोठारपाल

वर्क कॅम्पबद्दल सहमत. पण सुगीनंतर काय होतं त्यावर तुम्ही लिहिलं नाहीत, आणि निम्मी शहरं तिथेच बसतात.

गाळपेर शेती वर्षातून एकदाच माल देते आणि सगळी शेतं जवळपास एकदमच देतात. म्हणजे एका सुगीवर पुढची सुगी येईपर्यंत शहर जगलं पाहिजे. ग्रॅनरीच्या (अन्नाच्या कोठाराच्या) पर्यवेक्षकाचं पान उघडलं की किती महिन्यांचं अन्न शिल्लक आहे ते दिसतं. सुगी आत आल्या आल्या हा आकडा १२ च्या वर हवा. तो ८ असेल तर शेतं कमी आहेत, नाहीतर ग्रॅनऱ्या कमी आहेत. यातलं कोणतं ते ओळखणं सोपं आहे: धान्याच्या गाड्या रस्त्यावर थांबून राहिल्या असतील तर ग्रॅनऱ्या भरल्या आहेत. गाड्या संपल्या आणि ग्रॅनरीत जागा उरली, तर शेतं कमी.

स्टोरेज यार्डमध्ये (इतर मालाच्या गोदामात) धान्य घेऊ देऊ नका. बाजाराची खरेदीदार बाई अन्न फक्त ग्रॅनरीतून उचलते. यार्डात हजारभर धान्य पडलेलं आणि घरं भुकेली, हे दृश्य याच कारणाने दिसतं. निर्यातीसाठी धान्य ठेवायचंच असेल तर एक यार्ड वेगळं काढा आणि मर्यादा पाव किंवा अर्धी लावा. अडचणीच्या वर्षी ग्रॅनरीला 'आणून घ्या' हा आदेश देऊन ते परत ओढता येतं.

आणि ग्रॅनरी गाळाच्या काठाजवळ ठेवायची की वस्तीजवळ? शक्यतो मधे. शेताची गाडी वर्षातून एकदा येते, खरेदीदार बाई वर्षभर ये-जा करते. त्यामुळे झुकतं माप वस्तीला द्या.

---

निळा_लोटस

वेगळं मत मांडते. मजूर, सुगी हे सगळं नंतर. शहर पडतं ते वॉकरमुळे, म्हणजे रस्त्यांवर फिरून घरांना सेवा देणाऱ्या माणसांमुळे. इंजिन 'सीझर ३' या आधीच्या खेळाचंच आहे. पाणक्या, बाजारवाली, वैद्य, पुजारी हे चौकात आले की कुठेही वळतात. ज्या रस्त्यावर वळले नाहीत तिथलं घर खालच्या पायरीवर येतं, माणसं बाहेर पडतात, कामगार कमी होतात, मग कुंभाराचं दुकान रिकामं पडतं, मडकी संपतात आणि उरलेली घरंही खाली येतात. हे चक्र सुरू झालं की नाईलला कितीही चांगला पूर येऊन उपयोग नाही.

उपाय सगळ्यांना माहीत आहे, पण मापं कुणी देत नाही म्हणून देते. आत ४ बाय १२ चौकोनांची जागा सोडून भोवती बंद रस्ता आखा. रस्त्याचे चौकोन ३६ होतात. आत २ बाय २ ची १२ घरं पाठीला पाठ लावून बसतात आणि प्रत्येक घर रस्त्याला लागून राहतं. बाहेरच्या बाजूला बाजार, पाणीपुरवठा, फायरहाउस, आर्किटेक्ट (इमारती कोसळू नयेत म्हणून देखरेख करणारा), वैद्य, देऊळ.

३६ का चालतं? वॉकर ठरावीक अंतर चालतो आणि मग सगळ्यात जवळच्या वाटेने घरी परततो. रिंगणाची लांबी त्याच्या चालीच्या दुपटीपेक्षा कमी असेल तर परतीची जवळची वाट पुढच्या बाजूनेच असते, म्हणजे तो पूर्ण फेरी मारूनच येतो. रिंगण फार मोठं केलं तर तो अर्ध्यातून मागे वळतो आणि पलीकडची बाजू कोरडी राहते.

बाहेरून येणारा रस्ता रिंगणाला मिळतो तिथे रोडब्लॉक, म्हणजे मुक्कामाशिवाय फिरणाऱ्या वॉकरला अडवणारा अडसर. पण तो रिंगणावर ठेवायचा नाही, येणाऱ्या रस्त्यावर एक चौकोन मागे ठेवायचा. रिंगणावर ठेवलात तर वॉकर त्याला आपटून मागे फिरेल आणि फेरी मोडेल. गाड्या, खरेदीदार बाई आणि राहायला येणारी कुटुंबं रोडब्लॉकमधून बिनदिक्कत जातात, कारण त्यांचा मुक्काम ठरलेला असतो.

रिंगण आखण्याआधी भूजलाचा थर बघा. पाणीपुरवठ्याची इमारत हिरव्या जमिनीवरच चालते. उघड्या वाळूवर सुंदर रिंगण आखून पाणक्या मिळत नाही, मग सगळं पाडावं लागतं.

---

अनुबिसचा_पहारेकरी

+१. एकच भर: वॉकरची सेवा रस्त्यापासून २ चौकोनांपर्यंत पोचते. घरांची दुसरी रांग मागे लावली तर ती उपाशी राहते.

---

चिखलमाती

रिंगणं केली आहेत, रोडब्लॉक लावले आहेत. वीटभट्ट्या आणि विणकर शहराबाहेर, रोडब्लॉकच्या पलीकडे आहेत. कामगार पर्यवेक्षक म्हणतो २०० जण बेकार आहेत, पण भट्ट्यांमध्ये एकही कामगार नाही. मूळ फेरो, नॉर्मल पातळी. काय चुकतंय?

---

निळा_लोटस

@चिखलमाती, कामगार शोधणारा माणूसही मुक्कामाशिवाय फिरणारा वॉकर आहे, म्हणून रोडब्लॉक त्यालाही अडवतो. भट्टीतून तो निघतो, त्याला वाटेत वस्तीचं एकही घर दिसत नाही, आणि भट्टी रिकामी राहते. शहरात दोनशे बेकार असोत की दोन हजार.

भट्ट्यांच्या रस्त्यावर दोन-तीन झोपड्या आणि एक विहीर टाका. शोधणाऱ्याला एक वसलेलं घर दिसलं की पुरे, कारण कामगार त्याच घरातले यायला हवेत असं नाही, ते सगळ्या शहराच्या साठ्यातून येतात. या झोपड्या वर चढवायच्या नाहीत. पण त्यांना आग लागली तर भट्ट्याही बंद पडतील, म्हणून फायरहाउस त्याच रस्त्यावर हवं.

---

चिखलमाती

झालं. झोपड्या वसल्याबरोबर भट्ट्या भरल्या. आता विणकर चालतात, पण वीटभट्टी काही दिवस चालते आणि थांबते. माती भरपूर आहे.

---

वाळूतला_पाट

मग काड संपलं असणार. विटेला माती आणि काड दोन्ही लागतं, आणि काड गव्हाच्या शेतातून धान्याबरोबर येतं. म्हणजे तेही वर्षातून एकदाच. गुरांचा गोठा केला असेल तर तो तेच काड खातो. गोठ्याला ते घरबसल्या मिळतं आणि भट्टी कोरडी पडते, असं बहुतेक वेळा गोठा शेताजवळ असल्यामुळे होतं.

दोन गोष्टी करा. फक्त काड घेणारं एक स्टोरेज यार्ड भट्ट्यांना चिकटून ठेवा. यार्डात ८ खाने, प्रत्येकात ४००, म्हणजे ३२०० मावतं. आणि मस्तबा पुरा होईपर्यंत गोठे कमी ठेवा, मांसाऐवजी मासे किंवा शिकार चालवा. सुगीच्या वेळी काडासाठी यार्डात जागा मोकळी आहे ना तेही आधी बघा. तिथे आधीच माती आणि मडकी भरून बसली असतील तर काडाची गाडी उभीच राहते.

माझ्या पहिल्या मुद्द्याला यातून बळच मिळतं. वीट ही कारखान्याची वस्तू वाटते, पण तिचं वर्षही पूरच ठरवतो.

---

कोठारपाल

बिअर आणि लिननचंही तेच. जव आणि जवस दोन्ही गाळावर पिकतात. लिननचे गिऱ्हाईक फक्त घरं नाहीत, दफनगृहालाही ते लागतं. नवशिके दफनगृह बांधतात आणि घरांना लिनन का कमी पडलं ते शोधत बसतात.

---

चुनखडी

स्मारकांविषयी कुणीतरी नीट लिहायला हवं, म्हणून मी लिहितो.

पिरॅमिडचा वेग मजुरांवर ठरतो असं धागाकर्ते म्हणतात. मजूर नसतील तर जागा सपाट होत नाही हे खरं. पण मधल्या टप्प्यावर काम अडतं ते मालावर, आणि बऱ्याच मोहिमांत तो माल आयातीचा असतो. व्यापारी शहर एका वस्तूचे वर्षाला १५००, २५०० किंवा ४००० एवढेच नग देतं. समजा स्मारकाला १०,००० दगड हवा आहे आणि मार्ग २५०० चा आहे. तुमच्याकडे पैसा कितीही असो, चार वर्षं लागणारच. म्हणून मोहीम उघडली की पहिल्यांदा स्मारकाच्या मालाची यादी बघायची आणि कोणता माल इथे खणता येतो, कोणता बाहेरून येतो ते मांडायचं. बाहेरचा असेल तर तो मार्ग पहिल्या-दुसऱ्या वर्षीच उघडायचा आणि लगेच साठवायला लागायचं, गवंडी नसले तरी चालेल. १०,००० साठी चार यार्ड लागतात, तिनात ९६०० च मावतो.

लाकूड सगळ्यात जास्त विसरलं जातं. दगडी पिरॅमिडला सुतारांचा गिल्ड (कारागिरांची इमारत) उतरण बांधतो आणि त्याला लाकूड लागतं. इजिप्तमध्ये इमारती लाकूड कमी, तेव्हा ते बहुधा आयातच. दगडाचे ढीग लागले आहेत, गवंडी बसून आहेत आणि सुतारांकडे लाकूड नाही, अशी शहरं मदतीसाठी टाकलेल्या सेव्ह फाइलींत वारंवार दिसतात. त्यात लाकडावर जहाज बांधणाऱ्याचाही हक्क असतो. युद्धनौका हव्या असतील तर त्या आधी बांधून घ्या, मग लाकूड सुतारांना सोडा.

दगड यार्डातून स्लेजवर (बिनचाकी घसरगाडीवर) ओढत नेतात. ते यार्ड स्मारकाच्या जवळ हवं. खाण लांब असली तरी हरकत नाही, खाणीची गाडी वर्षभर हळूहळू येत राहते. स्लेज लांबून आली की गवंडी वाट बघत राहतात.

विटांच्या मस्तब्याला विटा आणि वीट रचणाऱ्यांचा गिल्ड, दगडी पिरॅमिडला दगड, गवंडी आणि सुतार, आणि आत वीट व बाहेर चुनखडी असा पिरॅमिड असेल तर तिन्ही गिल्ड. गिल्ड एकदम सगळे उघडू नका. ज्याचा टप्पा आलेला नाही तो गिल्ड नुसते कामगार अडवून बसतो.

---

निळा_लोटस

@चुनखडी, फार उपयोगी. मोहिमांचा क्रमही हेच शिकवतो. नुब्तसारख्या सुरुवातीच्या गावांत फक्त घर, पाणी, अन्न. मग गाळाची शेती. सक्कारापर्यंत दगड येतो. तो क्रम उडवून थेट रोस्तजा, म्हणजे गिझाला उडी मारली की सगळ्या अडचणी एकदम अंगावर येतात.

---

थोथची_लेखणी

खेळाच्या या रचनेला इतिहासाचा आधार आहे, म्हणून थोडं विषयाच्या कडेने लिहितो. इजिप्तचं वर्ष चार-चार महिन्यांच्या तीन ऋतूंचं: आखेत म्हणजे पूर, पेरेत म्हणजे पेरणी आणि वाढ, शेमू म्हणजे सुगी. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जार्फ इथे पपायरस सापडले. त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. खुफू राजाच्या काळात त्याची टोळी तुरा इथला चुनखडी दगड होड्यांनी गिझाला पोचवत होती, आणि चढलेल्या पाण्याचा त्या वाहतुकीला उपयोग होता. दाहशूरचा वाकडा पिरॅमिडही खेळात आहे. स्नेफ्रू राजाच्या त्या पिरॅमिडाचा उतार मध्यावर साधारण ५४ अंशांवरून ४३ वर आणलेला आहे.

पाण्यावरून स्मारकापर्यंत दगड पोचवण्याची सोय खेळात नाही याची मला खरंच खंत वाटते. स्लेज आहे, पण नदी फक्त व्यापार, मासेमारी आणि युद्धासाठी उरते.

---

अनुबिसचा_पहारेकरी

न्यू एरामध्ये कामगार शोधणारे वॉकर बंद करून सगळ्या शहराचा एकच साठा ठेवायचा पर्याय आहे. रोडब्लॉकवर कोणाला सोडायचं, कोणाला अडवायचं तेही निवडता येतं. मग @निळा_लोटस यांचं निम्मं शास्त्र उरतच नाही. नव्याने सुरू करणाऱ्याने हा पर्याय चालू ठेवावा का?

---

निळा_लोटस

निम्मं कसं? पाणक्या आणि बाजारवाली फिरतातच. रिंगण अजूनही लागतं. फक्त भट्ट्यांजवळच्या झोपड्या लागत नाहीत.

माझा सल्ला: एकच साठा चालू ठेवून पहिल्या पाच-सहा मोहिमा खेळा, रिंगण आणि बाजार हातात बसू द्या, मग बंद करा. निवडक रोडब्लॉक मात्र जरूर वापरा. बाजारवालीला दोन छोट्या रिंगणांत फिरू द्यायचं आणि बाकीच्यांना एकातच ठेवायचं, अशी मांडणी मूळ खेळात करता येत नव्हती.

न्यू एरात लढाई नकाशावर हाताने लढवता येत नाही, हे ज्यांना सैन्य आवडतं त्यांनी आधी जाणून घ्यावं. माझ्यासाठी मूळ खेळ त्या एका कारणासाठी टिकून आहे.

---

कोठारपाल

वॉकरचा जाच ज्यांना नकोच असेल त्यांनी टिल्टेड मिलचा २००४ सालचा 'चिल्ड्रेन ऑफ द नाईल' बघावा. तिथे घरातली माणसं स्वतः बाजाराला जातात. चलन म्हणजे अन्नच. आणि फेरोची, म्हणजे राजाची, प्रतिष्ठा किती यावर शिकलेले लोक किती पोसता येतील ते ठरतं. मजुराच्या वर्षाचा मुद्दा तर तिथे आणखी ठळक आहे: शेतकरी पुरात मोकळा होतो आणि इतर कामाला लागतो.

---

चिखलमाती

मस्तबा झाला, आभार. पुढची मोहीम चालू आहे. घरं छान चढली, दहा घरं एकदम मॅनर (श्रीमंतांची मोठी घरं) झाली आणि त्याच महिन्यात कामगारांची टंचाई सुरू झाली. लोकसंख्या तर वाढलीच आहे.

---

वाळूतला_पाट

कॉमन मॅनर आणि त्यावरच्या घरांतले लोक लेखनिक होतात आणि काम करत नाहीत. लोकसंख्येत मोजले जातात, खातात, कर चांगला देतात, पण कामगारांच्या साठ्यातून वजा होतात. दहा घरं एकदम चढली म्हणजे काही शे हात गेले.

आत्ता ताबडतोब कामगार पर्यवेक्षकाच्या पानावर प्राधान्य लावा: पहिलं अन्न, दुसरं पाणी आणि आरोग्य, मग आग आणि इमारतींची देखरेख. उद्योग शेवटी. मजुरी राज्याच्या दरापेक्षा दोन-तीन देबेन वर नेली तर लोक टिकून राहतात.

मग मॅनरचं रिंगण वेगळं काढा आणि साध्या घरांच्या रिंगणाला चैनीची वस्तू पोचू देऊ नका. बाजाराच्या आदेशांत वस्तू बंद करता येते. साध्या रिंगणाच्या बाजाराने अन्न, मडकी, बिअर आणि लिनन घ्यावं, दागिने बंद. म्हणजे ती घरं मॅनरच्या खालच्या पायरीला, फॅन्सी रेसिडेन्सला, थांबतात आणि कामगार देत राहतात. मोहिमेला किती मॅनर हवेत ते उद्दिष्टांत लिहिलेलं असतं, त्याहून एक-दोन जास्त पुरेत. आणि मॅनर ३ बाय ३ चा असतो, त्याला पसरायला शेजारी जागा लागते. वरचं ४ बाय १२ चं रिंगण मॅनरला चालणार नाही, आतली रुंदी ६ घ्या.

---

चुनखडी

प्राधान्य लावताना एक सांभाळा. आर्किटेक्टला मागे टाकू नका. सोन्याच्या आणि तांब्याच्या खाणी कोसळतात, आणि कोसळलेली खाण परत बांधेपर्यंत महालाकडे जाणारं सोनं थांबतं. खाणींच्या रांगेला स्वतःचा आर्किटेक्ट आणि त्याला कामगार मिळवून देणाऱ्या दोन झोपड्या हव्यात.

---

चिखलमाती

प्राधान्य लावलं, बाजार वेगळे केले. बिअर मात्र अजून कमी पडते. जवाची ५ शेतं, ३ ब्रुअरी, घरांची मागणी फार नाही. ओसिरिस देवाची नाराजी आहे म्हणून मोठे उत्सव करतो आहे.

---

कोठारपाल

मोठ्या उत्सवाला बिअर लागते, ती तिथे जाते. सेनेट हाउस (सेनेट या पटखेळाची करमणुकीची जागा) असेल तर तेही बिअर पितं. पण ओसिरिसला सोडू नका. तो रागावला की पूर कमी येतो, जमिनीचा कस भरून निघत नाही, आणि पुढच्या वर्षी जवच कमी येईल.

एक-दोन वर्षं सेनेट हाउस बंद ठेवा. ओसिरिससाठी आणखी एक देऊळ रिंगणाच्या बाहेरच्या बाजूला बांधा, म्हणजे सगळा भार उत्सवावर राहणार नाही, आणि उत्सव मोठ्याऐवजी साधा करा. पुराच्या जमिनीवर नदीला जोडलेला पाट काढा आणि जवाच्या शेतांच्या मधून न्या, कस वाढतो. पाट पाणी ओसरल्यावर लगेच खणायचा, पिकं उभी राहिल्यावर जागा सापडत नाही. शेवटचं, ब्रुअरीजवळ जवाचं यार्ड आहे का ते बघा. सुगीला जव एकदम येतो, तिन्ही ब्रुअरी आपल्यापुरता घेतात, आणि उरलेल्या गाड्या शेतातच अडकल्या तर वर्षाचा निम्मा जव तुम्हाला मिळतच नाही. यार्डात ८ पैकी ४ खाने जवाला राखून ठेवा.